हौदवाल्यांनी दिलेली खबर

आमच्या गावाबाहेरच्या गरम पाण्याच्या हौदावर अडतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सगळे नुसतं हौदवाले म्हणायचे. पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव असणारच, पण ते विचारायची वेळ आमच्यापैकी कुणावरच आली नाही. माणूस उंच, हाडकुळा, बोलायला एकदम कमी. सतत पाण्यात असल्यामुळे पायाच्या बोटांची कातडी कायम पांढरी आणि सुरकुतलेली. खुर्चीवर बसले की पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे, कुणाला दिसू नयेत म्हणून.

हौदाच्या तळाशी मुठीएवढं भोक होतं. त्यातून झरा वर यायचा, बुडबुडे सोडत. हौदावरची माणसं त्याला डोळा म्हणायची. पाण्याला गंधकाचा वास यायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून उतरायचा आणि आठवड्याभरात त्याला तो वास यायचाच बंद व्हायचा. रविवारी पोरासोरांचा धुडगूस असायचा. इतर दिवशी सकाळी मात्र हौद आमचा, म्हणजे सात बायकांचा. सगळ्यांचेच गुडघे गेलेले, म्हणून आम्ही स्वतःला गुडघा मंडळ म्हणायचो. मी तेव्हा टेलिफोनच्या कचेरीतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि घराचा जिना चढताना मला दोनदा टेकावं लागत होतं.

सोमवारी हौद बंद. रविवारी संध्याकाळी हौदवाले पाणी सोडायच्या तोंडाची फळी उचलायचे आणि सोमवारी सकाळी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आत उतरायचे. शेवाळं घासायचं, पायऱ्यांवर बसलेली क्षाराची पांढरी खपली छिन्नीनं उडवायची, जाळीत अडकलेले केस आणि केसांच्या पिना काढायच्या. हे सगळं ते एकटेच करायचे. मदतीला माणूस देतो म्हटलं तर म्हणायचे, "नको, तो घाई करेल."

त्यांची बायको हौदाच्या तिकिटाच्या खिडकीत बसायची. ती खिडकीताई. नवरा जितका अबोल, तितकी ही बोलघेवडी. नकला करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला "हाय, हाय, हाय" करते हे मला तिच्यामुळे कळलं. एक दिवस मी खिडकीसमोर उभी राहिले, तर आतून माझाच आवाज आला, "हाय, हाय, हाय! किती देऊ? एकच ना?" मी आधी रागावले आणि मग हसून हसून खिडकीलाच टेकले.

त्यांचं लग्न जुळलं तेही खिडकीतूनच. रोज सकाळी हौदवाल्यांनी पाण्याचं तापमान बघायचं, पाटीवर लिहायचं आणि पाटी खिडकीतून आत द्यायची. खिडकीताईनं ती बाहेर टांगायची. एका सकाळी पाटीवर आलं, 'चाळीस. माझ्याशी लग्न कराल का?' हिनं खाली लिहिलं, 'एकेचाळीस झालं की सांगते.' महिनाभर पारा चाळिसावरून हलला नाही. शेवटी एक दिवस हौदवाल्यांनी सरळ एकेचाळीस लिहून पाटी आत सरकवली. ती गोष्ट सांगताना खिडकीताई म्हणायची, "आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीसुद्धा एका अंशाची!"

त्यांना एक मुलगी. ती शिकून दुसऱ्या शहरात गेली, तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला लागली. घरात ही दोघंच उरली. हौदाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत खाट आणि खाटेशी खिडकी.

बावन्नाव्या वर्षी खिडकीताई तिकीट फाडता फाडता एका बाजूला कलली. रांगेत मी तिसरी होते. आधी वाटलं, नक्कलच करतेय कुणाची तरी. रांगेतली पहिली बाई हसलीसुद्धा. मग तिच्या हातातली तिकिटं घरंगळत बाहेर आली आणि आम्हाला कळलं.

जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे अगदीच गेलं असं नाही. 'हो' राहिलं, 'नको' राहिलं, एक ते वीस आकडे राहिले, दोन चांगल्या सणसणीत शिव्या राहिल्या आणि 'चमचा' राहिला. चमचाच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं असलं तरी चमचा, पंखा बंद करायचा असला तरी चमचा. मुलीचा फोन आला की "चमचा, चमचा," असं ती लाडानं म्हणायची आणि पलीकडे मुलगी रडायची. हौदवाल्यांनी मात्र तो शब्द शिकून घेतला. मान कुठं वळली, भुवई किती चढली, शेवटचा 'चा' लांबवला की तोडला, यावरून त्यांना कळायचं. कधी चुकले की एक शिवी यायची. "ती अगदी स्पष्ट यायची," असं ते मला म्हणाले होते.

घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती सहा महिन्यांनी म्हणाली, "जमिनीवर यांना आता फार काही जमेल असं वाटत नाही. गरम पाण्यात करून बघा." हौदवाले हौदाच्या कचेरीतल्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "उघडायच्या आधी तासभर न्या. मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

त्या दिवसापासून सोमवार सोडून रोज सकाळी साडेपाचला ते बायकोला चाकाच्या खुर्चीत घालून गल्लीतून आणायचे, पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरायचे आणि छातीएवढ्या पाण्यात उभं करायचे. पाणी तिचं वजन उचलायचं. चौथ्या महिन्यात ती कठड्याला धरून अकरा पावलं चालली. जमिनीवर ती खाटेपासून मोरीपर्यंतही धड गेली नाही कधी, पण पाण्यात चालायची. एकदा मी घड्याळ बघायला चुकून लवकर गेले होते, तेव्हा दाराच्या फटीतून मी स्वतः पाहिलं. ती मोठ्यानं आकडे मोजत होती आणि हौदवाले तिच्यापुढे उलटे चालत होते, दोन्ही हात पसरून. मी तशीच मागे फिरले. कुणाच्या तरी घरात डोकावल्यासारखं वाटलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. पाण्यात असताना एका सकाळी ती एकदम म्हणाली, "अहो, माझा हात सोडा." दोन वर्षांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. त्यांनी हात सोडला. ती उभी राहिली.

अशी चार वर्षं गेली.

मग एका सोमवारी हौदवाल्यांना झऱ्याच्या डोळ्याशेजारच्या फरशीला भेग दिसली. त्यांनी सिमेंट फोडलं, फरशीचा तुकडा उचलला, तर खाली दगडाची पायरी. आमच्या हौदाची नव्हे, कितीतरी जुनी. मधोमध माणसांच्या पावलांनी खोलगट झालेली आणि कडेला पाण्याच्या लाटांसारखी कोरलेली नक्षी. पायरीखालच्या चिखलात त्यांनी हात घातला तर मूठभर भाजक्या मातीच्या वस्तू हाताला लागल्या. एक पंजा. एक कान. एक पाऊल. प्रत्येक वस्तू बोटभर.

हौदवाले काही शिकले-सवरलेले नव्हते, पण त्यांना कळायचं ते कळलं. पलीकडच्या रस्त्याचं काम चालू असताना जुनी भिंत निघाली होती आणि तो रस्ता पाच वर्षं बंद होता. हे वर कळवलं की हौद रिकामा होणार, आणि हौद रिकामा झाला की बायकोची अकरा पावलं संपली. त्यांनी सगळं होतं तसं आत ठेवलं, वर वाळू भरली, सिमेंट ओतलं, थापीनं सारखं केलं. वहीत लिहिलं, 'भेग बुजवली.'

पण ते पाऊल सदऱ्याच्या खिशातच राहिलं. धुण्याचे कपडे खिडकीताई खाटेवर बसून डाव्या हातानं निवडायची, तेवढं काम तिनं कुणाला करू दिलं नव्हतं. तिला ते सापडलं. तिनं ते वर धरून विचारलं, "चमचा?"

हौदवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. तिच्यापासून काही लपवायची त्यांना सवयच नव्हती.

त्या पावलाचा घोटा सुजलेला होता. म्हणजे घडवणाऱ्यानं घोट्यावर मातीचा जास्तीचा गोळा लावून तो अंगठ्यानं दाबला होता आणि त्या अंगठ्याचा ठसा अजून दिसत होता. कुणाचा तरी पाय दुखत होता, म्हणून त्यानं आपला दुखरा पाय मातीचा करून या पाण्याला दिला होता. हे खिडकीताईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिनं ते पाऊल खिडकीत ठेवलं आणि दिवसातून कितीदा तरी ती त्या ठशावर आपला अंगठा ठेवून बघायची.

काही आठवड्यांनी ती पावलाकडे बोट दाखवायला लागली, मग नवऱ्याकडे, मग दाराकडे. जा आणि सांग. हौदवाले म्हणायचे, "सांगितलं तर हौद बंद होईल. मग तुझं काय?" ती तोंड भिंतीकडे करायची. असं आठ महिने चाललं.

मग एका सकाळी हौदावर आल्यावर तिनं चांगल्या हातानं कठड्याची नळी घट्ट धरली आणि पाण्यात उतरायला नकार दिला. "नको." हौदवाल्यांनी तासभर विनवण्या केल्या आणि तिला परत घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा तो गरीब माणूस आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडला, "तुला मरायचंय का?"

निर्मनुष्य हौदावर त्यांचा आवाज घुमला. ती कितीतरी वेळ ओठ हलवत राहिली, कपाळावर घाम आला, आणि मग म्हणाली, "त्यांचं... त्यांचं चमचा." आणि थोड्या वेळानं, "आपलं नको."

हौदवाल्यांनी त्याचा अर्थ लावला: ते त्यांचं आहे, ज्यांनी पाण्याला दिलं त्यांचं, आपण ते आपल्यासाठी दाबून ठेवायला नको. चौथ्या दिवशी ते पाऊल रुमालात बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

महिन्याभरात वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. बुटांत, हातात थापी, चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा. दारावर पाटी लागली: 'उत्खननासाठी बंद. कालावधी सहा महिने.' आम्हा गुडघेवाल्यांचा संताप झाला. दाराशी हौदवाले भेटले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं ना समाधान? फोटोत मिरवायला मिळालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कलती पाटी सरळ करून ते आत गेले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पण माहीत नसतानाही ते बोलायची गरज नव्हती.

खोदकामाच्या मुख्य बाई पन्नाशीच्या होत्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला रोखठोक. त्यांनी पहिल्याच दिवशी हौदवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "पाटीवर सहा महिने लिहिलंय ते वरच्यांसाठी. तीन वर्षं धरून चाला." हौदवाल्यांना त्यांनी चाळणीच्या कामावर घेतलं. चिखल धुऊन चाळायचा आणि त्यातून वस्तू वेचायच्या. या कामात त्यांच्यासारखा माणूस मिळाला नसता, कारण इथंही घाई चालत नव्हती.

आठवडाभरानं बाईंना बायकोबद्दल कळलं. मग त्यांनी झऱ्याचं पाणी ज्या चरातून बाहेर जात होतं, त्या चरात एक सपाट जागा करून घेतली. तिथं प्लास्टिकची खुर्ची ठेवून खिडकीताई बसायची. पाणी पोटरीपर्यंत. चालता यायचं नाही, पण ऊब मिळायची. आजूबाजूला खोदणारी तरुण पोरं-पोरी. दोन आठवड्यांत तिनं बाईंची नक्कल उचलली. शब्द नव्हते, पण बाई कमरेवर हात ठेवून खड्ड्यात जशा बघायच्या तसं ती एका हातानं बसल्या बसल्या करून दाखवायची. पोरं हसायची. बाईही हसायच्या.

ते सुख दोन महिने टिकलं. खड्डा खोल गेला, पाणी आत भरायला लागलं, तेव्हा पंप बसवावे लागले आणि झऱ्याचं पाणी लांब नळातून थेट ओढ्यात सोडावं लागलं. चर कोरडा पडला. बाई स्वतः त्यांच्या घरी सांगायला आल्या. खिडकीताईनं त्यांचा हात हातात घेतला आणि मान हलवली.

हौदवाल्यांनी घरी एक मोठं पिंप आणलं. मोरीत ते मावेना. मोरीचं दार काढलं, तरी त्यात बसता यायचं, उभं राहता यायचं नाही. मग त्यांना कळलं की जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात व्यायामाचा गरम पाण्याचा तलाव आहे. दोन बस बदलून तीन तास. तिथं पट्ट्यांच्या पाळण्यात बसवून तिला पाण्यात सोडत, वीस मिनिटांनी घंटा वाजायची की वर काढत. घरी येईपर्यंत ती इतकी दमलेली असायची की घास तोंडात तसाच राहायचा. दोनदा गेले. तिसऱ्यांदा ती "नको" म्हणाली. हौदवाल्यांनी आग्रह केला नाही.

"करायला हवा होता का हो?" त्यांनी मला विचारलं होतं.

पुढच्या थंडीत तिच्या उजव्या हाताची मूठ वळायला लागली. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून हौदवाले कापडाची सुरळी करून मुठीत घालायचे. पाठ आखडली. मग कुशीवर वळणं बंद झालं आणि छातीत कफ धरला. त्याच्या पुढच्या थंडीत तिला इस्पितळात न्यावं लागलं. तिथं सहा दिवस. शेवटचे दोन दिवस ती चमचासुद्धा म्हणाली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मुलगी आली. तिच्याकडे पास नव्हता म्हणून फाटकावरचा माणूस तिला सोडेना. हौदवाले तिला आणायला खाली गेले. चार मिनिटं लागली असतील. दोघं वर आली तेव्हा परिचारिका खाटेभोवतीचा पडदा ओढत होती.

मुलगी आईजवळ बराच वेळ बसली. मग बाहेरच्या बाकावर बापासमोर उभी राहून म्हणाली, "पाण्यात चालत होती ना ती? तुम्हीच फोनवर सांगायचात. अकरा पावलं, पंधरा पावलं. कशाला सांगायला गेलात त्या दगडाचं? कुणाला कळलं असतं? नुसतं गप्प बसला असतात तर आई आज असती."

"हो," हौदवाले म्हणाले.

एवढंच. आईनं कठडा धरून तीन दिवस हट्ट केला होता, हे ते बोलले नाहीत. मुलगी त्याच आठवड्यात निघून गेली. त्यानंतर महिन्यातून एक फोन: बरं आहे ना, औषध घेता ना, ठेवते.

मला खिडकीताई गेल्याचं खोदकामाच्या कुंपणाशी कळलं. ती पाण्यात व्यायाम करायची हे मला ठाऊक होतं, पण हौद बंद झाल्यावर तिचं काय झालं असेल हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. मी माझ्या गुडघ्यांचं रडगाणं गात बसले होते. धीर करून मी त्यांच्या घरी गेले. मोरीला दार नव्हतं आणि ते पिंप तिथंच होतं, कोरडं. त्यांनी चहा केला. मी म्हटलं, "त्या दिवशी मी दाराशी जे बोलले, ते माझं चुकलं."

"काय बोललात?" त्यांनी विचारलं.

ते खरंच विसरले होते की मला सोडवत होते, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले आणि हळूहळू त्यांनी हे सगळं मला सांगितलं. एका वेळी एक गोष्ट, तीही चहा संपता संपता. कठड्याची गोष्ट मात्र त्यांनी फार उशिरा सांगितली.

तीन वर्षांनी खोदकाम संपलं. जुन्या पायऱ्यांवर छत घातलं, शेजारी संग्रहालय झालं आणि त्याला लागून फरश्यांचा नवा हौद. चारशेहून जास्त मातीचे अवयव निघाले होते. हात, पाय, कान, डोळे, पाठी. एक अख्खं कपाट गुडघ्यांचं. आम्ही त्या कपाटासमोर ओळीनं उभ्या राहिलो आणि आमच्यातली सर्वांत म्हातारी म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मंडळ जुनंच आहे की!" आम्ही हसलो. मग हौदवाले मागे उभे असलेले दिसले. ते पावलांच्या कपाटासमोर होते. एकसारख्या साठ-सत्तर पावलांत आपलं पाऊल कुठलं, ते त्यांना न शोधता सापडायचं.

उद्घाटनाला त्यांना व्यासपीठावर बोलावलं. बोला म्हणाले. ते ध्वनिवर्धकापासून लांबच उभे राहिले आणि म्हणाले, "पायरी आधीपासून तिथंच होती. मी नुसती फरशी काढली." आणि खाली उतरले. मुलीला पत्रिका गेली होती. ती आली नाही.

त्या दिवशी संग्रहालयाच्या अंगणातल्या बाकावर आम्ही बसलो होतो तेव्हा त्यांनी मला कठड्याची गोष्ट सांगितली. ऐकून मला राहवेना. "अहो, मग लेकीला सांगत का नाही? ती तुम्हाला उगाच दोष देतेय."

"सांगितलं तर ती विचारेल, आईला जगायचं नव्हतं का?"

"तसं थोडंच आहे? तुम्हीच म्हणालात, ती म्हणाली ते त्यांचं आहे म्हणून."

"तसं मी धरून चाललो." ते बोटांनी टोपीची कड चाचपत राहिले. "तिचा प्रत्येक चमचा मला कळायचा. भूक कुठली, राग कुठला. पण त्या दिवसाचा... 'आपलं नको' म्हणजे ती वस्तू नको, की रोज पाठुंगळी मारून आणणं नको, की हे असलं जगणंच नको? मी घाईत होतो. ओरडलो होतो. नीट बघितलं नाही तिच्याकडे. भुवई कशी होती तेसुद्धा आठवत नाही." मग म्हणाले, "पोरीचा राग माझ्यावर आहे तोवर आईवर नाही. मला झेपतो तो."

मला त्यांनी शपथ वगैरे घातली नाही. फक्त उठताना म्हणाले, "तुम्ही समजून आहात."

नव्या हौदात पाणी यंत्रानं भरतं, यंत्रानं सुटतं, आणि शेवाळं घासायला चाकांचा ब्रश आहे. हौदवाले पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्या नव्या पाण्यात ते कधी उतरले नाहीत. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. साहेबांनी तर पासही करून दिला होता. मी एकदा म्हटलं, "पाय तरी बुडवा." ते म्हणाले, "मी कधी आंघोळीसाठी उतरलोच नाही त्यात. आता काय सुरू करायचं?"

गेल्या वर्षी ते घरात मोरीच्या कडेला पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी मुलीला फोन केला. ती त्याच दिवशी आली. इस्पितळ, शस्त्रक्रिया, घरी आणणं, सगळं तिनं न बोलता केलं. मोरीला दार बसवून घेतलं. पिंप कुणाला तरी देऊन टाकलं. बापलेकीत कामापुरतं बोलणं व्हायचं. चार महिन्यांनी हौदवाले काठी धरून चालायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "आता माझ्याकडे चला." ते नाही म्हणाले नाहीत.

मी बसस्थानकावर पोचवायला गेले. ते बाकावर बसले होते, पाय बाकाखाली घेऊन. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. चेहरा थेट आईचा, पण त्यावर हसू नाही. ती एकदम हळू म्हणाली, "काकू, आई पाण्यात चालायची ती तुम्ही पाहिलीत कधी? मी नाही पाहिली. रजा काढून येईन म्हणत राहिले."

मी तिला सांगितलं. कठडा कसा धरायची, डावं पाऊल आधी कसं टाकायची, उजवं पाण्यातून तरंगत कसं मागून यायचं. आकडे कसे मोठ्यानं मोजायची. तिनं विचारलं, "आणि बाबा?" मी म्हटलं, "बाबा तिच्यापुढे उलटे चालायचे. हात पसरून." आणि बसस्थानकाच्या फरशीवर, माझ्या या गुडघ्यांनी, मी तिला ते चालून दाखवलं. दोन-चार माणसं बघत होती. बघेनात. बाकी जे मला माहीत होतं ते मी बोलले नाही.

हौदवाले समोरच्या वेळापत्रकाकडे बघत होते. ते ऐकत होते की नाही, कुणास ठाऊक. एवढा वेळ वाचत बसावं इतकं मोठं वेळापत्रक नव्हतं ते.

बस लागली. मुलीनं त्यांची पिशवी उचलली. त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. तिनं परत घेतली. मग त्यांनी एक बंद धरला आणि तिनं दुसरा, आणि पिशवी मधे लोंबत ठेवून दोघं पायरी चढली, आधी ती, मग काठी, मग ते.